चौथ्या बोटाला किल्ली

घड्याळवालीच्या डाव्या पावलाला बोटं पाचच होती, पण हजेरी चारच लावत. चौथं बोट, म्हणजे करंगळीच्या शेजारचं, जमिनीला टेकतच नसे. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला बुटका माणूस जसा मान उंचावून डोकावतो, तसं ते दोन्ही शेजाऱ्यांच्या मागून वर बघत बसलेलं असे.

जन्माला आलं तेव्हा ते चारचौघांसारखंच होतं. आठ-नऊ वर्षांपर्यंत पाचही भावंडं जोडीने वाढली. मग काय बिनसलं कोण जाणे, चौथ्याने वाढायचंच सोडून दिलं. बाकीची चार दरवर्षी बूट बदलत पुढे गेली, हे आपलं तिसरीतच बसून राहिलं. "मोठी झालीस की येईल आपोआप," असं आईने सांगितलं होतं. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, अडतीस वर्षांची झाली. बोट काही आलं नाही.

लग्नानंतरचं पहिलं दीड वर्ष ती मोजे घालून झोपली. नवऱ्याला वाटलं, बायको थंडीला नाजूक आहे. तो बिचारा ऐन उन्हाळ्यातही खिडक्या लावून घामाने भिजत झोपे. शेवटी एका उकाड्याच्या दुपारी झोपेतच तिने मोजा लाथाडून दिला. जागी झाली तर नवरा पायाशी बसलेला, डोळ्याला दुकानातलं भिंग लावून.

तिने पाय ओढून घेतला. डोळ्यांत पाणीच आलं.

"हे एक बोट मागे पडतंय," तो गंभीरपणे म्हणाला. "कधीपासून?"

"नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

"मग काही हरकत नाही. मागे पडणारं घड्याळ प्रामाणिक असतं. आणि आधी ती खिडकी उघडू दे गं, मी मेलो."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडून याहून गोड बोलणं निघत नाही, हे तिला एव्हाना कळलेलं होतं.

खाली दुकान आणि वर दोन खोल्या असं त्यांचं घर. दोन्हीकडे मिळून सत्तावीस किल्लीची घड्याळं टिकटिकत असायची, आणि त्यांचं सगळं राज्य सासरेबुवांच्या एका कायद्यावर चाले: जाता-येता किल्ली द्यायची. कोणाची पाळी, कोणाचा वार, असलं काही नाही. जिन्यावरून उतरताना हात लागला, द्या किल्ली. चहा उकळेपर्यंत वेळ आहे, द्या किल्ली.

"विचारायचं नसतं," सासरेबुवा सांगत. "भुकेल्या माणसाला 'जेवलास का' म्हणून विचारत बसू नये, वाढावं. पोट भरलं की घड्याळ आपणहून किल्ली अडवतं. त्याला कळतं. माणसांनाच कळत नाही."

शेवटचं वाक्य ते मुलाच्या पोटाकडे बघून म्हणत.

पण या सत्तावीसांच्या वर एक अठ्ठाविसावं होतं, आणि ते खरोखरच वर होतं. गावाच्या चौकातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ. दर सोमवारी सकाळी त्याची दोन वजनं हाताने फिरवून वर चढवायची, हे काम या घराकडे तीन पिढ्या चालत आलेलं. सासरेबुवांचे गुडघे गेले तेव्हा ते मुलाकडे यायला हवं होतं; पण उंचीचं नाव काढलं तरी मुलाचे तळवे घामेजत. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी तो खाली उभ्या असलेल्यांचं क्षेमकुशल विचारून घेई. मग नव्या सुनेने चाव्यांचा जुडगा उचलला आणि ती चढून गेली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

एकशे चार पायऱ्या. गोल, दगडी, आणि झिजून झिजून इतक्या अरुंद झालेल्या की पाऊल पूर्ण मावायचं नाही. पुढचा भाग टेकायचा, टाच आपली हवेत. तिला त्या पायऱ्या मनापासून आवडत, कारण त्यांच्या टोकाला तिचा अर्धा तास होता. खाली ती कोणाची सून, कोणाची बायको, दुकानातली बाई. वर ती गावाची वेळ. तिने मूठ फिरवली की शाळा भरायची, पाव भट्टीतून निघायचे, गाडी सुटायची. या खात्यात तिला कोणी पगारवाढ दिलेली नव्हती, पण बढती एवढी की वरती दुसरं कोणी नाही.

आणि आता नेमक्या त्याच पायऱ्या चढवेनात.

चौथं बोट कामावर येत नाही म्हटल्यावर त्याचा भार शेजाऱ्यांनी वाहायचा, हा जगाचा नियम पावलातही चालतो. तिसऱ्या आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याला, आधी घट्टे आले, मग कळा येऊ लागल्या. सपाट जमिनीवर ती टाचेवर भागवून न्यायची. पण टाच हवेत ठेवणाऱ्या पायऱ्यांवर काय भागवणार? एका सोमवारी ती चाळिसाव्या पायरीवर बूट काढून तळवा दाबत बसली होती, तेवढ्यात भिंतीच्या भेगा बघायला आलेले नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब खालून वर आले. एकमेकांना बघून दोघंही दचकले.

"बाई, इथे का बसलात?"

"दोन मिनिटं टेकले, साहेब."

"मी खालच्या सगळ्या भेगा मोजून आलो, तोवर वर पावलं वाजली नाहीत. तुमची दोन मिनिटं चालूच आहेत." साहेब वाईट माणूस नव्हता, त्याच्याकडे एक मोटर होती, एवढंच. "हे बघा, विजेची मोटर मंजूर होऊन खालच्या खोलीत खोक्यात पडलीय. बसवली की आपोआप काम. कोणाला चढायला नको, कोणाला दुखायला नको."

"मला सहा महिने द्या," ती म्हणाली. तोंडातून निघून गेल्यावर तिलाच कळेना, सहाच का. साहेबांनी विचार केला.

"दिले. पण त्या सहा महिन्यांत घड्याळ एकदा जरी बंद पडलं, तरी मोटर. आणि सहा महिन्यांनी तुम्ही माझ्यादेखत न बसता वर चढायचं. नाहीतर मोटर."

तर अशी ती पायांच्या डॉक्टरांकडे गेली. एकटी नव्हे, सासरे आणि नवरा दोघंही बरोबर. त्या घरात एखादं बिघडलेलं यंत्र उघडून बघायचं असलं की तिघंही जमत.

डॉक्टर तरुण होती, बोलायला चटपटीत. तिने एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेन्सिलीने दाखवलं: बोट आखूड नव्हतंच मुळी. बोटाच्या मागे, तळव्याच्या आत जे लांब हाड असतं, ते आखूड होतं. लहानपणी त्याची वाढ वेळेआधीच थांबलेली.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"पंधरा मिलिमीटर."

बाप-लेकांनी एकमेकांकडे बघितलं. आयुष्यभर केसाएवढ्या मापात काम केलेल्या माणसांना पंधरा मिलिमीटर म्हणजे दोन गावांमधलं अंतर वाटलं.

"दुर्मीळ आहे हे," डॉक्टर म्हणाली.

"किती दुर्मीळ?"

"सगळ्या जगाचे मोजे काढून कोणी मोजलेलं नाही. जिथे जिथे मोजलं तिथे आकडे वेगवेगळे आलेत. साधारण दोन ते पाच हजारांत एक धरा. त्यातही बायकाच फार. पंचवीस जणींमागे एखादा पुरुष."

नवऱ्याचा चेहरा पडला. "मी हिला आजवर लाखात एक म्हणत आलो, डॉक्टर."

"लाखात वीस ते पन्नास निघतील."

"म्हणजे उगाचच चढवून ठेवली."

"अहो!" घड्याळवालीने कोपर मारलं, पण तिलाही हसू फुटलं होतं. दुखणी पायलीची पन्नास मिळतात. आपलं दुखणं निवडक आहे म्हटल्यावर माणसाला जरा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं होतं. नवऱ्याचं गणित मात्र थांबायला तयार नव्हतं. आपलं गाव चाळीस हजारांचं. म्हणजे आठ ते वीस जणी. म्हणजे हिला सोडून सात ते एकोणीस. त्याने मान वर केली.

"मग त्या बाकीच्या आहेत कुठे?"

"मोज्यात," घड्याळवाली म्हणाली.

डॉक्टरने उपाय दोन सांगितले. एक, हाड कापून मधे दुसरीकडचा हाडाचा तुकडा बसवायचा आणि एका दमात लांबी वाढवायची. काम लवकर होतं, पण अंतर एवढं मोठं असलं की शिरा-नसा एकदम ताणल्या जातात, आणि त्यांना अचानक ताणलेलं आवडत नाही. दुसरा उपाय, हाड कापायचं, दोन्ही तुकड्यांना बारीक सळया लावून बाहेरून एक छोटी चौकट बसवायची आणि आठवड्याभराने चौकटीचा स्क्रू रोज थोडा थोडा फिरवायचा. तुकडे सावकाश लांब सरकतात आणि मधल्या फटीत शरीर आपणहून नवं हाड भरत जातं.

"फिरवायचा कशाने?" सासरेबुवांनी विचारलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

डॉक्टरने खणातून बोटाएवढी एक चकचकीत चावी काढून टेबलावर ठेवली.

सासरेबुवांनी ती उचलली, उजेडात धरली, दात बघितले, आणि सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की जणू एवढ्या वर्षांनी ती खऱ्या अर्थाने या घरची झाली.

"सूनबाई," ते म्हणाले, "दुसरा उपाय."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येऊन तिने खाली बघितलं तर पावलाच्या वरच्या अंगाला चार सळया आणि त्यांच्यावर एक पट्टी, मनोऱ्याच्या गच्चीवरच्या कठड्यासारखी. आठवड्याभराने डॉक्टरने तिच्या हातात चावी दिली. सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा. दिवसाला अर्धा मिलिमीटर. महिन्याभरात पंधरा. सळयांच्या मुळाशी रोज स्वच्छ करायचं, चालताना भार फक्त टाचेवर.

"घाई करू नका," डॉक्टरने दोनदा बजावलं. "हाड आपल्या वेगाने भरतं. तुम्ही फट भराभर वाढवली तर ते मागे राहतं, आणि मग फट रिकामीच राहते. तुमच्या वयाला तर जास्तच जपायला हवं."

घरी आल्यावर ती चावी कुठे ठेवायची हा प्रश्नच नव्हता. बाकीच्या चाव्या जिथे टांगलेल्या, त्याच खुंट्यांच्या फळीवर, शेवटच्या खुंटीला.

दरम्यान सोमवार आला. नवऱ्याला इलाजच नव्हता. मनोऱ्याच्या दारात त्याने बापाला वाकून नमस्कार केला, म्हातारा म्हणाला, "अरे, वर चाललायस, परदेशात नाही," आणि तो डोळे मिटून चढला. पायऱ्या मोठ्याने मोजत. एकशे चार झाल्यावरही तो मोजतच होता, त्यामुळे एकशे पाचव्या पायरीसाठी उचललेला पाय सपाट जमिनीवर आपटला आणि त्याला वाटलं, आपण पडलो. त्याने मिटल्या डोळ्यांनी मूठ शोधली, मिटल्या डोळ्यांनी वजनं चढवली, आणि बसत-बसत, एकेका पायरीवर ढुंगण टेकत खाली आला. दुसऱ्या सोमवारी तो पँटला मागून चामड्याचा तुकडा शिवून गेला. वाटेत इंजिनिअरसाहेब भेटले.

"काय हो, चाललंय ना घड्याळ?"

"घड्याळ चाललंय," नवरा म्हणाला. "माझं विचारू नका."

घड्याळवाली दुकानात खुर्चीत बसायची, समोरच्या स्टुलावर चौकटवाला पाय. गिऱ्हाइकं येत, पायाकडे बघत, घड्याळाचं काम विसरून पायाचं विचारत. ती सांगे: आत हाड आखूड आहे, किल्ली देऊन वाढवतोय. लोक हसत. गावभर झालं, घड्याळवाल्यांकडे बोटं लांब करून मिळतात.

मग एके दुपारी एक बाई आली. शाळेत कवायत शिकवायची ती, ताठ कण्याची, शिट्टीवर साऱ्या मुलांना उभं करणारी. तिने मनगटी घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"काय होतंय याला?" घड्याळवालीने विचारलं.

"बघा ना जरा."

बघितलं. घड्याळ अगदी सेकंदाला चोख होतं. घड्याळवालीने मान वर केली, तर कवायतबाई मागे रस्त्याकडे बघून घेत होत्या. कोणी नाही असं पाहून त्या खुर्चीवर बसल्या, बूट काढला, मोजा काढला. चौथं बोट. उजव्या पायाचं.

दोघींनी एकमेकींच्या पायांकडे बघितलं. मग एकदम अशा हसत सुटल्या की वरच्या खोलीतून सासरेबुवांनी विचारलं, "काय पडलं?"

"बावीस वर्षं मी मुलांना शिकवतेय, पायाची बोटं एका रेषेत ठेवा," कवायतबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि माझंच हे एक रांग मोडून उभं!"

पुढच्या आठवड्याभरात चालू घड्याळं दुरुस्तीला घेऊन आणखी दोघी आल्या. एकीचे तर दोन्ही पायांचे नमुने. नवरा रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा बदलून ठेवी: "सापडल्या ३, बाकी ४ ते १६." बायको म्हणे, "शिकारीला निघालात का?" पण तिला आतून फार मजा वाटत होती. बोट वाढत होतं, हे तर डोळ्यांना दिसत होतं. कसं सरसर वाढत होतं! मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत, शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा. बारा-तेरा दिवसांत ते करंगळीला मागे टाकून तिसऱ्या बोटाशी बोलायला लागलं. घरात आनंदीआनंद. सासरेबुवा तर पावलाकडे बघून स्वतःशीच माना डोलवत.

चौदाव्या दिवशी तिघं पहिल्या तपासणीला गेले, जवळजवळ मिरवतच. डॉक्टरने एक्स-रे लावला, पट्टी धरली, पुन्हा धरली.

"आज किती दिवस झाले फिरवायला लागून?"

"चौदा."

"सात मिलिमीटर व्हायला हवं होतं. चौदा झालंय."

"अरे वा!" नवरा उद्गारला. "निम्म्या वेळात!"

डॉक्टर हसली नाही. तिने पेन्सिल दोन हाडांच्या मधल्या काळ्या फटीवर ठेवली. "इथे आत्तापर्यंत पांढुरकं काहीतरी दिसायला हवं. काही नाही. रिकामं. स्क्रू कोण फिरवतं?"

"मीच," घड्याळवाली म्हणाली. "सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागले की. एकदाही चुकवलं नाही."

 सासरेबुवा खाकरले.

"मी आपली फक्त दुपारची देत होतो."

"दुपारची?" ती गर्रकन वळली.

"तू जेवून डुलकी काढतेस ना, तेव्हा. जाता-जाता. हळूच. म्हटलं, कशाला उठवा."

"बाबा! दुपारची नव्हतीच मुळी!"

"मग," नवरा छताकडे बघत म्हणाला, "मी पहाटे देतो ती?"

डॉक्टरने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. सळया लावलेल्या पावलाचं घरात जो तो न विचारता आपापल्या परीने पोट भरत होता, असं तिने तिच्या साऱ्या अभ्यासात कुठेही वाचलेलं नसावं.

"पण स्क्रू अडला नाही," सासरेबुवा पुटपुटले. "भरलं की अडायला हवं होतं त्याने."

"आजोबा, हा स्क्रू अडत नाही. तुम्ही फिरवाल तेवढा फिरतो."

"हे वाईट यंत्र आहे," म्हातारा म्हणाला. पण आवाज पार बसला होता. अति तिथे माती, ही म्हण त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. फट भरली तर ठीक. नाही भरली तर पुन्हा ऑपरेशन, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवावा लागेल, आणि पुढे कित्येक महिने. घड्याळवालीने मनात हिशेब केला. सहा महिन्यांतला दीड संपत आला होता. कित्येक महिने म्हणजे मोटर.

इतके दिवस हसत असलेल्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती नुसती एक्स-रेकडे बघत राहिली. ती काळी फट तिला मनोऱ्याच्या जिन्यात मधूनच एक पायरी गळावी तशी दिसली.

"एक करता येतं," डॉक्टर म्हणाली. "स्क्रू थोडा उलटा फिरवून हाडं पुन्हा जवळ आणायची, आणि मग..."

"उलटा?" सासरेबुवा खुर्चीतून उठले. गुडघे असे वाजले की नर्सने आत डोकावून पाहिलं. "डॉक्टर, गुन्हा माझा आहे, शिक्षा मला करा. पण टोले देणारं घड्याळ पुढे गेलं म्हणून कोणी काटे उलटे फिरवत नाही हो. आतले दात मोडतात. लंबक धरायचा आणि थांबायचं. वेळ मागून येते आणि गाठते. मी तीन-तीन तास लंबक धरून उभा राहिलोय."

नवऱ्याने बापाची बाही ओढली. "बाबा, हे बोट आहे."

"मला कळतंय बोट आहे!"

डॉक्टरने पेन्सिल टेबलावर ठेवली. "आजोबा, तुमचं कारण चुकीचं आहे. उलटं फिरवल्याने काही मोडत नाही, आम्ही करतो तसं. पण आधी नुसतं थांबून बघायचं, हेही आम्ही करतो. बोटाचा रंग चांगला आहे, रक्त खेळतंय. तीन आठवडे थांबू. तरी फट भरली नाही, तर मी उलटं फिरवणार आणि तुम्ही बाहेर बसणार. कबूल?"

"कबूल."

"आणि ती चावी इकडे द्या."

चावी डॉक्टरच्या खणात गेली. खणाला कुलूप लागलं. कुलपाची किल्ली डॉक्टरने बाप-लेकांसमोर खिशात घातली.

ते तीन आठवडे घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. बाप-लेकांच्या हातांना काम नव्हतं, म्हणून त्यांनी सत्तावीस घड्याळांना इतक्या वेळा किल्ली दिली की बिचारी दिवसभर अडवत राहिली. सासरेबुवा सुनेच्या खोलीपुढून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जात. नवरा सोमवारी काही न बोलता चढून येई. एका सोमवारी तर उतरताना डोळे उघडे होते, असं त्याने रात्री जेवताना सहज सांगितलं, आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून थोडा हिरमुसला.

कवायतबाई रोज शाळा सुटली की येऊन बसत. त्यांनाही ऑपरेशन करायचं मनात होतं, त्यामुळे त्यांचा जीव घड्याळवालीच्या एक्स-रेत अडकलेला. "भरेल हो," त्या म्हणत. "आणि नाही भरलं तर आपण दोघी मिळून इंजिनिअरसाहेबांना धरू. त्यांचा धाकटा माझ्याच वर्गात आहे. मी त्याला मैदानाला इतके फेरे मारायला लावीन की साहेब स्वतः येऊन मोटर परत नेतील."

घड्याळवाली हसे. पण सोमवारी नवरा मनोऱ्यावर गेला की ती खिडकीशी बसून वरच्या टोल्यांकडे कान लावी, आणि तिचा हात मांडीवर आपोआप फेरे मोजत फिरे.

तीन आठवड्यांनी डॉक्टरने नवा एक्स-रे लावला. तिघंही इतके पुढे वाकले की दिवा झाकला गेला.

"मागे व्हा! मला बघू द्या."

काळ्या फटीत काहीतरी होतं. फार नाही. पहाटे नदीवर धुकं तरंगतं तेवढं धुरकट, एक पट्टा वरून आणि एक खालून, मधे जेमतेम हात मिळवलेले.

"काच पुसा जरा," नवरा घाबऱ्या आवाजात म्हणाला. "डाग दिसतोय."

"डाग नाही," डॉक्टर म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःला हसू आवरेना. "हाड आहे. भरतंय. येऊन गाठलं बघा मागून."

सासरेबुवा खाली बसले ते उठेनात. त्यांना दोघांनी मिळून उठवलं.

"एक मिलिमीटर राहिलाय अजून," डॉक्टर म्हणाली. "फिरवायचा?"

"नको, नको!" तिघांचा एकच गलका झाला. ते बोट आजही तेवढं एक मिलिमीटर मागे आहे, आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही.

चौकट पुढे आणखी दोन-अडीच महिने राहिली. हाड नुसतं भरून चालत नाही, पक्कं व्हावं लागतं. मग सळया निघाल्या, चार ठिपके उरले. बोट खाली टेकलं. जरा ताठर झालं होतं, वाकायला कुरकुरायचं, म्हणून कवायतबाईंनी तिला टॉवेल जमिनीवर टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायची कवायत दिली, रोज पन्नास वेळा, शिट्टीवर. घरच्या जिन्याच्या चौदा पायऱ्या ती आधी टाचेवर, मग पूर्ण पावलावर, मग टाच हवेत धरून चढली.

सहा महिने पुरे झाले त्या सोमवारी इंजिनिअरसाहेब मनोऱ्याच्या दारात घड्याळ बघत उभे होते. नवऱ्याने जुडगा बायकोच्या हातात दिला, तो इतक्या घाईने की जणू निखारा होता.

बूट खालीच काढून ती चढली. साहेब मागून. दहा, वीस. चाळिसावी पायरी आली. तिने खाली बघितलं नाही, पाय पुढे टाकला. पावलाच्या पुढच्या भागाखाली दगड लागला. एका जागी नाही, सगळीकडे सारखा. साठ. मागून साहेबांचा आवाज आला, "बाई, जरा... दोन मिनिटं..."

"बसा, साहेब, बसा," ती न थांबता म्हणाली. "मी आहे वर."

वर कोणी नव्हतं. तेलाचा वास होता, लंबकाची जाड टकटक होती आणि खाली सगळं गाव, काड्यापेटीएवढं. तिने चालीचं वजन चढवलं, शंभर फेरे, नेहमीसारखे मोजून. मग टोल्यांचं. त्याची मूठ जरा उंचावर होती. गेली काही वर्षं तिथे पोचायला ती लाकडी खोका पायाखाली घेत असे. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. त्रेपन्नाव्या फेऱ्याला तिचं लक्ष खोक्याकडे गेलं. खोका कोपऱ्यात होता, धुळीत. मग आपण कशावर उभ्या आहोत म्हणून तिने खाली बघितलं.

टाचा वर होत्या. दोन्ही. डावं पाऊल बोटांवर उभं होतं, आणि पाचही बोटं दगडाला टेकून तिला तोलून धरत होती, जशी काही त्यांना याहून दुसरं काही येतच नव्हतं.

तिला असं हसू आलं की मुठीला धरून हसावं लागलं. जिन्यातून साहेबांचं धापा टाकणं आणि "काय झालं हो बाई?" एवढं ऐकू आलं. किती फेरे झाले होते ते तिला काही केल्या आठवेना. मग तिने टाचा खाली न टेकता पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.